बगळीला मानवलेलं तेल

देवगडकडची माणसं खानदेशात गेलीच तर रेल्वेने जातात, नाहीतर एसटी बदलत बदलत. मागच्या सीटवर गॅसची शेगडी, गादीची वळकटी आणि आंब्याच्या पेटीत भांडी भरून, वीस वर्षांहून जुनी गाडी हाकत कुणी जात नाही. आम्ही मायलेकी गेलो. परत आल्यापासून बचतगटातल्या बायका विचारतायत, कसा आहे तो मुलूख, पोर तिथे टिकेल का, थंडी खरंच एवढी असते का. एकेकीला सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढते. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. शुद्धलेखनाचं तुम्ही बघून घ्या.

माझी मयुरी नर्स झाली आणि तिला पहिली नोकरी लागली ती पिंपळनेरच्या पुढे, डोंगराकडच्या आरोग्य उपकेंद्रात. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. तिकडे पाडे लांब लांब, एसटी मोजक्या. म्हणून ठरवलं की गाडी तिच्याकडेच ठेवायची. गाडी म्हणजे आमची बगळी. पांढरी, छोटी, बारक्या चाकांची. खाडीत उभ्या बगळ्यासारखी दिसते म्हणून गावानेच नाव पाडलं. कोकम आगळाच्या बाटल्या दुकानांना पोचवता पोचवता मी तिच्यावरच गाडी शिकले. तिने मला कधी रस्त्यात टाकलं नव्हतं. पण आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक चादर जास्त, एवढंच.

पिंप्राळा

पिंपळनेरला जायचं तर जळगाव वाटेत लागत नाही. उलटं पूर्वेकडे जावं लागतं, आणि हजर व्हायची तारीख डोक्यावर असताना असली वाकडी वाट शहाणं माणूस धरत नाही. पण जळगावला अक्का आहेत.

अक्का आमच्या गावात सरकारी नर्स होत्या. मयुरीच्या वेळी मी अडले होते. घर खाडीपलीकडे, भरतीचं पाणी चढलेलं, आणि अक्कांना पोहता येत नव्हतं. पाण्याची एवढी भीती की धक्क्यावर उभ्या राहिल्या तरी खांब धरायच्या. तरी त्या होडीत बसल्या आणि आल्या. मी आणि मयुरी आज आहोत ते त्यामुळे. पुढे त्यांची बदली झाली, मग त्या निवृत्त झाल्या, आणि आता पिंप्राळ्यात कॉलनीतल्या छोट्या घरात एकट्या राहतात. पोरीच्या पहिल्या नोकरीआधी त्यांच्या पाया न पडता पुढे जाणं माझ्याच्याने झालं नसतं.

त्यांच्यासाठी मी घरच्या घाण्यावरच्या खोबरेलाची मोठी बाटली नेली होती. अक्कांनी ती हातात घेतली, डोळे मिटून हुंगली आणि म्हणाल्या, "खाडीचा वास येतो गं." मग लगेच, "आता आत ये, भरीत गार होतंय."

भरीत म्हणजे आमचं वांग्याचं भरीत नव्हे. हिरवी लांबट वांगी, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली, लाकडी भांड्यात ठेचलेली, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि हिरवी मिरची. आम्ही जिथे नारळ घालतो तिथे ही माणसं शेंगदाणा घालतात, आणि तेल हात न आखडता. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, काळपट. मी भाताची माणूस, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या. अक्का सांगत होत्या की आमच्या गावात नोकरीला आल्या तेव्हा पहिला महिनाभर ह्या भाकरीसाठी रडायच्या, आणि माझी आई त्यांना तांदळाची भाकरी देऊन म्हणायची, ही पण भाकरीच गो. ऐकताना मी मयुरीकडे बघत होते. ती आता तांदळासाठी रडणार होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, बगळी उठलीच नाही.

किल्ली फिरवली तर एरवीचा खणखणीत आवाज नाही, नुसतं घर्र… घर्र… आणि गप्प. झोपेतल्या म्हाताऱ्याला हलवल्यासारखं. अंगात दोन स्वेटर घालायला लावणारी थंडी, तरी मला घाम फुटला. कॉलनीतली माणसं जमली. एकाने चोक ओढायला सांगितलं, दुसऱ्याने ओढू नका म्हणून सांगितलं, तिसऱ्याने गाडीची नंबरप्लेट वाचून विचारलं की ही सिंधुदुर्गाहून चालत आली की टेम्पोत घालून आणली. शेवटी सगळ्यांनी मिळून ढकलली. चालू झाली, पण वरून टकटक टकटक आवाज, आणि समोरचा तेलाचा लाल दिवा विझेचना. विझला तेव्हा माझ्या जीवात जीव आला.

कॉलनीच्या तोंडाशीच नानांचं गॅरेज. नाना म्हणजे धुळ्याकडचे पंचावन्नचे गृहस्थ, कानटोपी घातलेले. त्यांनी आधी माझ्यामागे कुणी पुरुष माणूस येतोय का ते पाहिलं. नाही म्हटल्यावर मला स्टूल दिलं. बॅटरी तपासली, प्लग काढून पुसले, आणि तेलाची पट्टी ओढून बोटांवर तेल चोळलं.

"गाडी जुनी शे, पण बठ्ठी ठीक शे," ते म्हणाले, म्हणजे बाकी सगळं ठीक आहे. "तेल कोणतं?"

मी अभिमानाने सांगितलं, वीस-पन्नास. डब्यावर लिहिलेलं असतं, वीस, मग इंग्रजी डब्ल्यू, मग पन्नास. आमचा मिस्त्री बाबल ह्याच तेलावर बगळीला इतकी वर्षं चालवतोय. डब्ल्यू म्हणजे वजन, हे त्यानेच मला शिकवलेलं. वजनदार तेल, जुन्या इंजिनाला दमदार.

नाना हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती जड होतं त्याचा, आणि मागचा आकडा इंजिन तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. वीसवालं तेल समुद्राकाठी चालतं. इथे सकाळी ते काकवी होऊन खाली बसतं, वर चढायला वेळ लावतं, आणि तोवर इंजिन कोरडं वाजतं. त्यांच्या मते पंधरा-चाळीस टाकावं, इकडे सगळे तेच टाकतात.

मी बाबलला फोन लावला. तो चिडला. "जाडच घाल. पातळ घातलंस तर जुना इंजिन गळतला नि खडखडतला. मगे माका सांगू नको."

मयुरीने तिच्या मोबाइलवर काही वाचलं होतं. ती म्हणाली पाच-तीस घेऊ, नव्या गाड्यांत तेच असतं, थंडीत पाण्यासारखं धावतं. त्यावर नानांनी एवढंच म्हटलं की आजीबाईंना नातीचं झबलं बसत नाही.

एकाला पन्नास हवं, एकाला चाळीस, एकीला तीस. आणि गाडी चालवणार होती पोर, डोंगरात, एकटी. तिथे ढकलायला कॉलनी नसणार. एखादी बाई अडली असेल आणि मयुरी बगळीत बसून किल्ली फिरवत असेल, घर्र, घर्र. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं ते जाईना. मी नानांना सांगितलं, उद्या सकाळी सांगते. ते म्हणाले उद्या रविवार, दुकान बंद. मग अक्कांचं नाव काढलं. ते म्हणाले, "अक्कांकडं उतरलात? मग या."

चार पेशंट

घरी आले तर अक्का खोबरेलाच्या बाटलीशी झगडत होत्या. बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नव्हता. आत पांढरा दगड. आमच्याकडे ऐन थंडीत कधी पहाटे खोबरेल जरा गढूळ होतं, चुलीच्या कडेला ठेवलं की सुटतं. पण असं मेणबत्तीसारखं घट्ट झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. शेजारीच अक्कांची शेंगदाणा तेलाची बरणी होती. ते मात्र सोनेरी, हलतं, जसंच्या तसं.

मी दोन्ही तेलांकडे बघत उभी राहिले. मला आकडे कळत नाहीत, पण तेल कळतं. आयुष्यभर तेलच हाताळलंय. नाना जे सांगत होते ते माझ्यासमोर ओट्यावर उभं होतं. समुद्राकाठचं तेल इथे गोठलं होतं आणि इथलं तेल इथे वाहत होतं.

अक्कांना सांगितलं तर त्यांना चेव आला. म्हणाल्या, मग तपासूनच घेऊ. मयुरीला पाठवून नानांकडून पंधरा-चाळीस आणि थंडीत त्याहून हलकं राहणारं दहा-चाळीस असे दोन तेलांचे थोडे थोडे नमुने आणवले. तिसरं आमच्या डिकीतलं वीस-पन्नास. पाच-तीस मी मागवलंच नाही. त्याचा मागचा आकडा तीस होता, आणि तापलेल्या, झिजलेल्या इंजिनात ते फार पातळ पडेल एवढं आता मलाही समजलं होतं. अक्कांनी तीन स्टीलच्या वाट्या घेतल्या, त्यांना दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली आणि वर पेनाने नंबर घातले. बेड एक, बेड दोन, बेड तीन. खोबरेल चौथं. सगळे पेशंट गच्चीवर उघड्यावर ठेवले, वर पिठाची चाळण झाकली. "सकाळी राउंड घेऊ," म्हणाल्या.

रविवारी उजाडताच तिघी गच्चीवर. केळीच्या बागांकडून धुकं आलेलं, बोटं बधिर. अक्कांनी एकेक वाटी तिरकी धरली. बेड एक, आमचं वीस-पन्नास, हलायलाच तयार नव्हतं. मग आळसावलेल्या म्हशीसारखं कडेला सरकलं. बेड दोन, नानांचं, बरं चाललं. बेड तीन, दहा-चाळीस, वाटी कलती होताच कडेला आलं. खोबरेलाचं काही विचारूच नका.

दोनमध्ये आणि तीनमध्ये फार फरक नव्हता. मयुरी म्हणाली, नाना म्हणतायत ते दोनच घे ना आई, ते इथले आहेत. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मला एवढं कळत होतं की नाना जळगावच्या थंडीचं बोलतायत, आणि माझी पोर जाणार होती त्याहून गार जागी, डोंगराच्या पायथ्याला.

"तीन," मी म्हटलं. "गरम झाल्यावर दोन्ही चाळीसच. सकाळी मात्र हे आधी उठेल."

अक्का म्हणाल्या, "अडलेल्या बाईपाशी कोण आधी पोचतं, तेवढंच खरं."

नानांनी वाद घातला नाही. त्यांनी इंजिन थोडं गरम करून जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं ओतलं आणि बजावलं की पट्टी दर रविवारी बघायची, जुनं इंजिन आहे, थोडं पिईल. पैसे घेताना म्हणाले, "ताई, चुकलं तर माझं नाव नका सांगू. बरोबर निघालं तर सांगा." निघताना मी अक्कांच्या पाया पडले. त्यांनी मयुरीच्या हातात खोबरेलाची बाटली परत ठेवली, थोडं स्वतःसाठी चमच्याने खरवडून घेऊन. मला वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, मला इथे माझी माणसं आहेत, तिला वास तरी घरचा राहू दे.

अमळनेरचं फाटक

अक्कांनी त्यांच्या अमळनेरच्या बहिणीसाठी केळ्यांचे वेफर दिले होते, म्हणून सरळ हमरस्ता सोडून अमळनेरवरून गेलो. दोन्हीकडे कपाशी, बोंडं फुटून पांढरी, शेवटची वेचणी चाललेली. बाया डोक्यावरून पदर घेऊन, पोटाला फडक्याची झोळी बांधून वेचत होत्या. वाटेत थांबून रस्ता विचारला तर एकीने आमचं बोलणं ऐकून विचारलं की तुम्ही कोणत्या देशाच्या. मयुरी म्हणाली, नारळाच्या. त्या हसल्या आणि आम्हाला तुरीच्या कोवळ्या शेंगा दिल्या. आमच्याकडे वाटसरूला शहाळं देतात, इकडे शेंगा. देणं सारखंच.

अमळनेर जुनं तेलाच्या गिरण्यांचं गाव, असं अक्कांनी सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, तेलाचंच गाव आहे तर आमच्याकडेही बघ बाबा. कारण पातळ तेलाची खरी परीक्षा सकाळी नसते. ती दुपारी, इंजिन तापून गाडी जागच्या जागी उभी असताना असते. बाबलची भीती तीच होती, आणि ती खोटी नव्हती.

गावाआधी रेल्वेचं फाटक लागलं. बंद. मागेपुढे ट्रॅक्टर, रिक्षा, कापसाने फुगलेला ट्रक. ऊन चढलेलं. मी मुद्दाम इंजिन बंद केलं नाही. मयुरी शेंगा सोलत होती आणि मी त्या लाल दिव्याच्या जागेकडे बघत होते, जणू नजर हटली तर तो पेटेल. एकदा वाटलं पेटला. तो समोरच्या ट्रकचा आरसा चमकला होता. मालगाडी आली, ती संपेचना. रिक्षावाल्याने खाली उतरून विचारलं की ताई, डिझेल-पेट्रोल फुकट जाळता, बंद का करत नाही. मी म्हटलं, परीक्षा चालू आहे. तो बिचारा मयुरीकडे बघून म्हणाला, हां, कॉलेजची का.

फाटक उघडलं. दिवा पेटला नव्हता.

अमळनेरला वेफर पोचवले आणि धुळ्याला जेवायला शेवभाजी घेतली. लाल रश्श्यावर बोटभर तेलाचा तवंग, त्यात जाड शेव, आणि तिखट इतकं की कान वाजले. मयुरी पाणी पीत राहिली. मी मात्र ताटातलं ते तेल भाकरीने गोळा करत होते. आपलं पोर ह्या तेलाच्या मुलखात सोडायचं आहे तर आधी आपण चाखावं, असं काहीसं डोक्यात होतं.

पिंपळनेर

साक्री मागे पडलं आणि डोंगर जवळ यायला लागले. पिंपळनेरला पोचेतो ऊन कलतं झालं होतं. खोली आधीच ठरवलेली होती. घरमालकीण आजी, दात थोडे, आवाज खणखणीत. आमचं सामान बघून म्हणाल्या, "थंडी पडनी व माय. गोधड्या आन्यात का?" आम्ही आणलेल्या चादरी बघून त्यांनीच दोन गोधड्या आणून टाकल्या. बाजारात मिळणारी प्रत्येक भाजी कुठल्या पाड्यावरून येते हे त्यांनी सांगितलं, आणि मयुरीला विचारलं की सुई हळू टोचतेस ना.

मी गाडी मुद्दाम उघड्यावर लावली. आडोसा होता, तरी नाही लावली. पुढे पाड्यावर आडोसा असेलच असं कोण सांगतं.

झोप लागली नाही, एवढंच लिहिते. सोमवारी उजाडलं तेव्हा काचेवर दव गोठल्यासारखं बसलं होतं. मयुरीने पांढरा कोट घडी करून मांडीवर घेतला. आजी शाल गुंडाळून दारात उभ्या. मी चालकाच्या जागी बसायला गेले, मग थांबले, आणि उतरून किल्ली मयुरीला दिली. ती गाडी आता तिची होती. उठली तर तिच्या हाताने उठावी, नाही उठली तर ते मी अजून जवळ असताना कळावं.

तिने किल्ली फिरवली. बगळी एका दमात उठली. थोडं टकटकली, आणि लाल दिवा मी श्वास सोडायच्या आत विझला. आजी म्हणाल्या, माझा म्हातारासुद्धा असा उठत नाही.

मयुरी वेळेत हजर झाली. तिथल्या मोठ्या बाईंनी विचारलं, लांबून आलीस, राहशील ना. ती म्हणाली, गाडी आणलीय. मला तेवढं उत्तर पुरलं.

पण सगळं गोडच झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. संध्याकाळी गाडी जिथे उभी होती तिथे मातीवर तेलाचा डाग दिसला. बोटाने पुसून वास घेतला, इंजिनचंच. जुनं रबर, नवं पातळ तेल, बाबल म्हणाला होता तसंच. मी खूप वेळ त्या डागापाशी उकिडवी बसले. जाड तेल परत घालावं का? मग उठले, बाजारात जाऊन दहा-चाळीसचा एक डबा घेतला, डिकीत ठेवला, आणि मयुरीला पट्टी पुसायची कशी, बघायची कशी, कुठल्या खुणेखाली जाऊ द्यायचं नाही, हे तिला येईपर्यंत शिकवलं. गळणं परवडेल, अडणं परवडणार नाही. गळतीला डबा असतो.

दुसऱ्या दिवशी तिने मला एसटीवर सोडलं. खोबरेलाची बाटली तिच्या खिडकीत ठेवली होती, सूर्याकडे तोंड करून.

घरी

घरी परतल्याला आता बरेच दिवस झाले. अंगणात बगळीची जागा रिकामी आहे. तिथे कोंबड्या बसतात. कोकम मी आता एसटीच्या टपावरून पाठवते. मयुरी तांदूळ मागवते, भाकरीही खाते. एका पाड्यावर अडलेली बाई आणायला पहाटे गेली होती, एवढंच फोनवर सांगितलं, जास्त नाही. अक्कांना मात्र तिने सगळं सविस्तर सांगितलं म्हणे. तसंच असायला हवं.

परवा सकाळी बाबल आला होता. मी त्याला डागाचं खरं ते सांगितलं होतंच, आणि तो थोडा खूशही झाला होता. तेवढ्यात मयुरीचा फोन. तिने हॅलो म्हटलं नाही. "आई, आज खोबरेल दगड आहे. ऐक," म्हणाली आणि फोन बॉनेटवर ठेवून किल्ली फिरवायला गेली.

मी फोन बाबलच्या कानाला लावला. त्याने डोळे मिटले, मिस्त्री ऐकतात तसं ऐकलं. मग फोन माझ्याकडे देत म्हणाला, "जरा वाजता." आणि पायरी उतरता उतरता, माझ्याकडे न बघता, "पण पयल्या हाकेक उठली."